अस्वलाची कवटी, बिबट्याची कवटी: माप आणि बळ

दिंडोरी तालुक्याच्या शिवारात आज मोठा मांसाहारी प्राणी म्हणून वावरतो तो एकटा बिबट्या. वाघ या भागात उरलेला नाही आणि रानात मोकळे अस्वल पाहायचे तर उत्तरेस सातपुड्यातील यावल अभयारण्यापर्यंत किंवा दक्षिणेस कोयना-राधानगरीच्या जंगलांपर्यंत जावे लागते. तरीही वाघ, बिबट्या आणि अस्वल यांची नावे नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील आदिवासी पाड्यांत एका दमात घेतली जातात, वाघबारशीला वाघदेवाची पूजा होते आणि या तिघांत मोठा कोण, कोणाचा जबडा भारी, हा प्रश्न कडवा नदीच्या काठावरच्या शेतकऱ्यापासून ताडोब्याच्या पर्यटकापर्यंत अनेकांना पडतो. प्राणिशास्त्रात या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी कवटीचा आधार घेतला जातो; मात्र कवटी फुटपट्टीने मोजून मिळालेला आकडा आणि त्या आकड्याचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अस्वल व मोठी मांजरे यांच्या तुलनेत बहुतेक गैरसमज हा फरक न ओळखल्यामुळे निर्माण होतात.

शरीराच्या लांबीऐवजी कवटीचे माप प्रमाण मानण्यामागे एक इतिहास आहे. ब्रिटिश अमलात शिकारी लोक मारलेल्या वाघाची लांबी दोन रीतींनी मोजत: नाकाशी आणि शेपटीच्या टोकाशी जमिनीत खुंट्या ठोकून त्यांमधील सरळ अंतर घेणे ही एक रीत, आणि पाठीच्या वळणावळणावरून फीत फिरवणे ही दुसरी. दुसऱ्या रीतीने वाघ सहज काही इंच लांब भरत असे, आणि सोललेले कातडे ताणून मोजले तर त्याहूनही अधिक. त्या काळातील बारा-बारा फुटी वाघांच्या कथांमध्ये ताणलेल्या कातड्याचा वाटा मोठा आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. कवटी मात्र ताणता येत नाही. रोलंड वॉर्ड यांनी १८९२ मध्ये शिकारीच्या विक्रमांची नोंदवही प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली आणि पुढे मांसाहारी प्राण्यांसाठी कवटीचे माप हाच विक्रमाचा निकष रूढ झाला. अमेरिकेतील बून अँड क्रॉकेट क्लबच्या पद्धतीत खालचा जबडा बाजूला ठेवून कवटीची सर्वाधिक लांबी आणि सर्वाधिक रुंदी यांची बेरीज केली जाते, आणि ओल्या हाडाचे माप फसवे असल्याने कवटी साठ दिवस वाळल्याशिवाय मोजमाप अधिकृत मानले जात नाही.

शिकाऱ्यांच्या हौसेपलीकडे जाऊन शास्त्रासाठी कवट्या जमवण्याचे काम महाराष्ट्रात नाशिकच्या शेजारीच सुरू झाले. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये सस्तन प्राण्यांचे देशव्यापी सर्वेक्षण हाती घेतले आणि त्याचा पहिला अहवाल खानदेशावरचा होता. या सर्वेक्षणात प्रत्येक नमुन्याचे कातडे आणि कवटी बरोबर ठेवून, दोन्हींवर स्थळ, तारीख, नर-मादी आणि मापे यांची चिठ्ठी बांधली जात असे; ही शिस्त महत्त्वाची, कारण लिंग आणि वय ठाऊक नसलेल्या कवटीची लांबी हा केवळ एक सुटा आकडा असतो. पुढे आर. आय. पोकॉक यांनी भारतीय सस्तन प्राण्यांवरील आपल्या ग्रंथाच्या १९३९ आणि १९४१ मधील दोन खंडांत अशाच संग्रहांतील कवट्यांच्या मापांचे तक्ते दिले, आणि आजही भारतातील वाघ, बिबट्या आणि अस्वल यांच्या कवट्यांविषयी बोलताना अभ्यासकांना त्या तक्त्यांकडे वळावे लागते.

आता प्रत्यक्ष मापे. भारतातील पूर्ण वाढलेल्या नर बिबट्याची कवटी साधारणपणे २१ ते २५ सेंटिमीटर लांब असते, मादीची १८ ते २१. अपवादात्मक मोठ्या नराची कवटी २८ सेंटिमीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे. महाराष्ट्रात आढळणारे अस्वल म्हणजे लांब केसांचे, छातीवर पांढरट खूण असलेले काळे अस्वल; त्याच्या नराची कवटी ३० सेंटिमीटरच्या आसपास भरते. भारतीय नर वाघाची कवटी ३३ ते ३८ सेंटिमीटर, तर वाघिणीची २७ ते ३१ सेंटिमीटर. म्हणजे आपल्याकडील अस्वलाची कवटी बिबट्याहून ठळकपणे मोठी, वाघिणीच्या बरोबरीची आणि नर वाघाहून लहान, असा क्रम लागतो. हिमालयातील काळे अस्वल ही वेगळी जात; तिच्या नराची कवटी ३१ ते ३३ सेंटिमीटरची, म्हणजे जवळपास याच पायरीवरची. भारताबाहेर पाहिले तर चित्र उलटते: ध्रुवीय अस्वलाच्या नराची कवटी ३५ ते ४१ सेंटिमीटर असते, आणि अलास्कातील कोडियाक बेटावर १९५२ मध्ये मारलेल्या एका तपकिरी अस्वलाची कवटी पावणेअठरा इंचांहून अधिक, म्हणजे सुमारे साडेपंचेचाळीस सेंटिमीटर लांब आणि साडेबत्तीस सेंटिमीटर रुंद भरली. वाघ किंवा सिंह यांच्या मोठ्यात मोठ्या कवट्याही या रुंदीच्या जवळपास पोचत नाहीत.

येथेच थांबले तर ‘अस्वलाचे डोके मोठे’ असा निकाल देऊन मोकळे होता येईल, आणि पुष्कळ जण तसा देतातही. पण कवटीच्या लांबीची तुलना शरीराच्या वजनाशी केल्याशिवाय तो निकाल अपुरा राहतो. प्राण्याची आकृती तशीच ठेवून त्याची लांबी दुप्पट केली तर त्याचे वजन दुप्पट नव्हे, आठपट होते, कारण वजन लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींबरोबर वाढते. भारतीय नर बिबट्याचे वजन ५० ते ७७ किलो असते. साठ किलोच्या बिबट्याची कवटी २३ सेंटिमीटरची धरली आणि त्याच घडणीचा प्राणी २२० किलोचा कल्पिला, तर त्याची कवटी साडेपस्तीस सेंटिमीटरची असायला हवी. नर वाघाची कवटी नेमकी तेवढीच असते, म्हणजे वाघ हा कवटीच्या हिशोबाने मोठा केलेला बिबट्याच होय. हाच हिशोब साडेचारशे किलोच्या ध्रुवीय अस्वलाला लावला तर कवटी ४५ सेंटिमीटरची निघते, पण प्रत्यक्षात ती अडतीसच्या आसपास असते. त्या प्रचंड देहाच्या मानाने ध्रुवीय अस्वलाचे डोके लहानच म्हणावे लागते. आपल्या काळ्या अस्वलाची गोष्ट याहून निराळी आहे. त्याच्या नराचे वजन ८० ते १४५ किलो, आणि ११० किलोच्या प्राण्याला बिबट्याच्या प्रमाणात २८ सेंटिमीटरची कवटी पुरली असती; तिची लांबी त्याहून थोडी जास्तच भरते. हा हिशोब ढोबळ आहे, कारण अस्वलाच्या वजनात हंगामानुसार चरबीची भर पडते आणि उतरते, तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते, ती म्हणजे ‘अस्वले’ असा एकच गट धरून मांजरांशी तुलना करणे चुकीचे आहे.

रुंदीच्या बाबतीतही एक समज तपासून घ्यावा लागतो. मांजरांची कवटी गोल आणि रुंद, अस्वलांची लांबट आणि अरुंद, असे सर्रास सांगितले जाते. ध्रुवीय अस्वलाबाबत ते खरे आहे, परंतु कोडियाकच्या त्या विक्रमी कवटीची रुंदी लांबीच्या दोन-तृतीयांशाहून अधिक होती, आणि वाघाच्या कवटीचे प्रमाणही साधारण दोन-तृतीयांशच असते. गालाच्या हाडाची कमान, म्हणजे डोळ्याखालून कानापर्यंत जाणारा हाडाचा धनुष्याकृती पट्टा, वयाबरोबर बाहेर फाकत जाते आणि म्हाताऱ्या नरात ती सर्वांत रुंद होते. त्यामुळे लांबी-रुंदीच्या बेरजेवरून दोन कुळांतील खरा भेद हाती लागत नाही. तो भेद कवटीचा कोणता भाग लांब आहे, दात कोठे आहेत आणि स्नायू कोठे चिकटतात, यात दडलेला असतो.

बिबट्याची किंवा वाघाची कवटी बाजूने पाहिली की तोंडाकडील भाग आखूड आणि डोळ्यांची खोबणी मोठी व समोर वळलेली दिसते. या कुळातील प्राण्यांना दात फक्त ३० असतात. पुढे पटाशीचे लहान दात, त्यांच्या बाजूला लांब सुळे, सुळ्यांमागे मोकळी जागा, आणि नंतर वरच्या व खालच्या जबड्यातील एकेक पात्यासारखी दाढ, जिला कातरदाढ म्हणता येईल, कारण वरची आणि खालची अशा दोन दाढा एकमेकींवरून सरकत मांस आणि कातडे कापतात. दळण्यासाठी लागणाऱ्या सपाट दाढा मांजरांकडे जवळजवळ नाहीतच. वरच्या जबड्यात शेवटी एक नगण्य दाढ उरली आहे. खालच्या जबड्याचा सांधा आडव्या लाटण्याच्या आकाराचा असून खोल खोबणीत बसतो, म्हणून जबडा वर-खाली होतो, बाजूला हलत नाही. भक्ष्य धडपडत असताना जबडा निखळू नये, यासाठी ही रचना उपयोगी पडते.

आखूड तोंडाचा फायदा तरफेच्या नियमाने कळतो. अडकित्त्यात सुपारी टोकाशी धरली तर फुटत नाही आणि बिजागरीजवळ सरकवली तर तेवढ्याच जोरात फुटते. त्याचप्रमाणे जबड्याच्या सांध्यापासून सुळे जितके जवळ, तितका स्नायूंचा जोर सुळ्यांवर अधिक पोचतो. या जोराचा मुख्य कारखाना म्हणजे कानशिलावरचा रुंद स्नायू. तो गालाच्या कमानीखालून जाऊन खालच्या जबड्याला जोडला जातो आणि वर कवटीच्या मधोमध उभ्या असलेल्या हाडाच्या धारेला, म्हणजे मध्यशिखेला, चिकटतो. वाघाच्या कवटीवर ही मध्यशिखा मागच्या बाजूस उंच वाढलेली असते. बिबट्यात, विशेषतः मादीत, ती बेताची असते. जुन्या नर अस्वलांतही मध्यशिखा चांगली उठावदार होते, म्हणून केवळ तिच्यावरून कवटी कोणाची हे ठरवणे धोक्याचे आहे.

अस्वलाचे दात मोजले की वेगळी जीवनपद्धती उघड होते. बहुतेक अस्वलांना ४२ दात असतात, म्हणजे मांजरांपेक्षा बारा अधिक, आणि मागच्या दाढा लांब, सपाट व गाठाळ असतात. त्यांनी फळे, मुळे, बिया आणि मांस असे सारेच चिरडता येते. कातरदाढ नावापुरती राहते आणि तिची धार बोथट होते. चघळण्याची आणि दळण्याची गरज असल्यामुळे कानशिलाच्या स्नायूबरोबर गालाच्या स्नायूलाही अधिक काम असते आणि जबड्याला थोडी आजूबाजूची हालचाल जमते. लांब नाकाच्या पोकळीत पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात. त्यांवरील त्वचेमुळे वास घेण्याची शक्ती वाढते. अस्वलाचे डोळे लहान आणि खोबणीही लहान, कारण त्याचा शोध नाकाने चालतो. कवटीच्या लांबीतील बराचसा भाग अशा रीतीने नाकाने आणि दाढांनी व्यापलेला असतो, चाव्याने नव्हे.

महाराष्ट्रातील अस्वल या बाबतीत इतर अस्वलांहूनही निराळे आहे. त्याला ४० दात असतात, कारण वरच्या जबड्यातील मधले दोन पटाशीचे दात त्याला नसतात. वाळवीचे वारूळ नखांनी फोडायचे, फुंकर मारून माती उडवायची, नाकपुड्या मिटायच्या, लांब हलते ओठ पुढे काढायचे आणि त्या दातांच्या फटीतून वाळवी आत ओढून घ्यायची, ही त्याची पद्धत. या फुंकण्या-ओढण्याचा आवाज शंभर मीटरांहून दूरवर ऐकू येतो. टाळू त्यासाठी रुंद, लांब आणि खोलगट झाला आहे, तर दाढा इतर अस्वलांच्या मानाने लहान राहिल्या आहेत. मोहाची फुले, बोरे, जांभळे, उंबर आणि मध यांवरही ते जगते. लंडनमधील जॉर्ज शॉ यांनी १७९१ मध्ये या प्राण्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले तेव्हा लांब नखे आणि पुढचे नसलेले दात पाहून त्याला दक्षिण अमेरिकेतील झाडावर लटकणाऱ्या मंद प्राण्याच्या, म्हणजे स्लॉथच्या, गटात घातले; इंग्रजीत त्याला चिकटलेले ‘स्लॉथ बेअर’ हे नाव या चुकीची आठवण म्हणून आजतागायत टिकले आहे. तीस सेंटिमीटरची ही कवटी एका अर्थी ओढनळी सामावून घेणारी कवटी आहे, आणि लांबीत वाघिणीच्या कवटीशी तिची बरोबरी होते यावरून दोघींचा चावा सारखा ठरत नाही.

कवटीच्या खालच्या बाजूलाही दोन्ही कुळांचा फरक उमटलेला असतो. कानाच्या मागे खाली हाडाचा एक कुप्पा असतो. मांजरांत तो फुगीर असून आत पडदा असतो, अस्वलांत तो चपटा असतो. विल्यम हेन्री फ्लॉवर यांनी १८६९ मध्ये कवटीच्या तळाच्या अशाच खुणांवरून मांसाहारी प्राण्यांचे गट पाडले, आणि मार्जारसदृश व श्वानसदृश अशा दोन शाखा करून अस्वलांना कुत्र्या-लांडग्यांच्या बाजूला ठेवण्याची आजची विभागणी त्याच वाटेने आली आहे. या दोन शाखा चार कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. पोकॉक यांच्या ग्रंथात मांजरे पहिल्या खंडात आणि अस्वले दुसऱ्या खंडात येतात, याचे कारणही हेच.

चाव्याचे बळ कवटीवरून अजमावण्याचे प्रयत्न अलीकडे झाले आहेत. ऑस्ट्रेलियातील स्टीफन रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कवटीच्या मापांवरून स्नायूंच्या छेदाचे क्षेत्रफळ आणि तरफेची लांबी काढून सुळ्यांवरचा जोर अंदाजला आणि तो शरीराच्या वजनाशी ताडून एक निर्देशांक तयार केला, ज्यात १०० म्हणजे त्या वजनाच्या प्राण्याकडून अपेक्षित असलेला सरासरी चावा. त्यात वाघाचा निर्देशांक १२७, बिबट्याचा ९४ आणि तपकिरी अस्वलाचा ७८ आला. म्हणजे वजनाच्या मानाने वाघाचा चावा जोरकस, बिबट्याचा सरासरीच्या आसपास आणि तपकिरी अस्वलाचा सौम्य. मात्र अस्वलाचे वजनच इतके मोठे की प्रत्यक्ष जोर कमी असेलच असे नाही. हे आकडे कोरड्या हाडावरून काढलेले असल्याने ते अंदाजच समजावेत. शिवाय अस्वलांतही अपवाद आहेच: ईशान्य भारतात आढळणारे सूर्य अस्वल सर्वांत लहान, पण त्याची कवटी आखूड व रुंद, सुळे देहाच्या मानाने मोठे आणि चावा फार जबर, कारण मधासाठी त्याला झाडांची लाकडे फोडावी लागतात. मांजर की अस्वल यापेक्षा प्राण्याला काय फोडायचे, कापायचे किंवा ओढून घ्यायचे आहे, यावर कवटी घडते, हे या एका उदाहरणावरून पटण्यासारखे आहे.

झुंजीचा निकाल तर कवटीवर फारच थोडा अवलंबून असतो. फेब्रुवारी २०१८ च्या अखेरीस ताडोब्यात ‘मटकासुर’ नावाचा वाघ आणि पिल्लू बरोबर असलेली अस्वलाची मादी यांची झटापट पर्यटकांनी चित्रित केली. वजनाने आणि जबड्याने कितीतरी वरचढ असलेल्या वाघापुढे ती मादी नखांच्या, दाट केसांच्या आणि चिवटपणाच्या बळावर टिकली आणि पिल्लासह जिवंत राहिली. अस्वलाची खरी हत्यारे त्याच्या पुढच्या पायांत आहेत. म्हणूनच बुलढाण्यासह विदर्भातील अस्वलांच्या हल्ल्यांत चेहऱ्यावर आणि डोक्यावर ओरबाडल्याच्या, फाटल्याच्या जखमा दिसतात, तर बिबट्या मान किंवा गळा धरतो. सुळ्यांमागची मोकळी जागा आणि लांब सुळे ही रचना मानेच्या पकडीसाठीच बेतलेली आहे.

दिंडोरी, निफाड, सिन्नर या भागांत उसाच्या आडोशाने आणि धरणांच्या पाण्याच्या आधाराने राहणाऱ्या बिबट्याची कवटी जंगलातील बिबट्याच्या कवटीहून वेगळी नसते. ती पाच-पंचवीस किलोच्या भक्ष्यासाठी, म्हणजे कुत्रा, शेळी, वासरू, डुक्कर यांच्यासाठी अगदी पुरेशी असते. शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जंगल नसलेल्या, दाट वस्तीच्या शेतीप्रदेशात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे आढळले, आणि नंतरच्या तपासणीत त्यांच्या खाण्यात पाळीव कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा निघाला. मध्यम आकाराची, आखूड तोंडाची आणि कोणत्याही लहान-मध्यम प्राण्यावर चालणारी कवटी हे बिबट्याच्या या टिकून राहण्यामागचे एक कारण आहे. वाघाला एवढी लहान शिकार परवडत नाही आणि अस्वलाला वारुळे, मोह आणि फळझाडे असलेले रान लागते, जे द्राक्षबागांच्या आणि टोमॅटोच्या पट्ट्यात त्याला मिळणार नाही.

रानात, ओढ्याच्या काठी किंवा उसाच्या तोडणीत एखादी मोठी कवटी सापडली तर ती ओळखण्याची साधी रीत एवढीच: दाढा पात्यासारख्या आणि थोड्या असतील तर प्राणी मार्जारकुळातील, सपाट व पुष्कळ असतील आणि वर पुढचे मधले दोन दात मुळातूनच नसतील तर आपले काळे अस्वल. ओळख पटवण्याचा मोह इथपर्यंतच ठेवावा. वाघ, बिबट्या आणि अस्वल हे तिन्ही प्राणी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांची कवटी, दात, नखे किंवा कातडे घरात ठेवणे, देव्हाऱ्यात पुजणे किंवा विकणे हा गुन्हा असून त्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. अशी कवटी दिसल्यास तिला हात न लावता वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवावे.